शिवेपलीकडच्या चोराचं गाऱ्हाणं

५ नोव्हेंबर २००९, गुरुवार
कट्टा गावचा बाजार. सुरुवात केली, "मासे विकून पोरं शिकवणाऱ्या बायांनो, शिरोड्याच्या हॉटेलात भागीदार करतो म्हणत त्या गोडबोल्याने तुम्हा सगळ्यांना लुबाडलं, आणि तुमचं म्हणणं आजवर कोणी ऐकून घेतलं नाही!" शाळेतून निवृत्त झाले तरी आवाज शाबूत आहे. तेवढ्यात रुक्मिणी, "बाई, जरा बाजूक रवा, गिरायकाक बांगडे दिसत नाय." सगळ्या हसल्या. मीही.
कोर्टात साक्षीला यायला एकही तयार झाली नाही. म्हणे, देवाला गाऱ्हाणं घातलंय. आता कोर्टात गेलो तर देवावर विश्वास नाही असं होईल.

७ नोव्हें.
वकिलांकडे. तेच हॉटेल त्याने युरोपातही विकलंय. तिकडच्या तीन देशांचे सरकारी वकील मिळून एकच खटला चालवताहेत. आपल्या कोर्टामार्फत इथल्या साक्षी मागवल्यात, सोमवारी १६ला, मालवणात. बायका आल्या नाहीत तर इथली फसवणूक त्या खटल्यात येणारच नाही. चोराला देशाची हद्द नाही तर कायद्याला का, हे मी किती वर्षं ओरडतेय! आता घडतंय, आणि माझ्याच बायका...

१० नोव्हें.
रुक्मिणीच्या पडवीत चहा. सांगितलं, बेल्जियमच्या एका म्हातारीचे पैसेपण ह्यात बुडालेत. "अरे देवा! तिका कोण आसा?" स्वतःपेक्षा तिचंच जास्त लागलं.
विचारलं, "गाऱ्हाण्यात आपल्या एकट्याच देवाला हाक मारतात?"
"नाय ओ. शिवेवरच्या, शेजारच्या गावच्या, सगळ्यांका."
"कित्याक गो?"
"चोर शिवेपलीकडे गेलो तर आमचो देव एकटो काय करतलो?"
बोलली, थांबली, हसत सुटली. "बाई, लय चावट तुमी!"
तरी कोर्टात जायला आधी देवाचा कौल हवाच. बरं, कौल.

१५ नोव्हें., रविवार
देवळात. देवळाच्या मानकरी गावकरांनी नव्याने गाऱ्हाणं घातलं. रुक्मिणीने त्यात बेल्जियमच्या म्हातारीलाही घालायला लावलं! "व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं. उजवा कौल, म्हणजे होकार. फार बरं वाटलं.
पण पायऱ्यांवर कुजबुज. त्या गोडबोल्याचा भाऊ गावातच राहतो, आणि अर्धी वाडी त्याच्याच विहिरीवर. "फाल्या सकाळीच पाणी बंद केल्यान तर?" रुक्मिणी तयार. बाकीच्या चपला घालून घराकडे वळू लागल्या.
एवढंच बोलले, भाषण नाही: "देवाने परवानगी दिली, बोलायचं तुम्हाला आहे. उद्या दहाला मालवणच्या कोर्टात या, आणि त्याचं नाव घेऊन सांगा, ह्याने मला फसवलं."