चिंधी बांधलेली काकडी

आई, यंदा वैशाख सरत आला तरी परडं हिरवं आहे. हे कराडचं परडं तू पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो, हे घर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालं. घरामागे न्हाणीच्या पाण्याची वाट, पुढे जेमतेम गुंठाभर माती आणि मग कंपाउंडची भिंत. तुझ्या जावयांना तिथे फरशी घालायची होती. फरशी यायच्या आधी ते गेले, आणि मग तिथे नुसतं गाजरगवत माजलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता, पण मागचं दार उघडायची इच्छाच होत नसे.

मग एका सकाळी शेजारच्या इमारतीतले सुभेदार दारात येऊन उभे राहिले. "ताई, माज्या फ्लॅटमदी कुंडीभायेर माती न्हाई. मिरचीची चार रोपं लावू का तुमच्या मागं?" चाराची चाळीस कधी झाली मला कळलंही नाही. त्यांच्या पाठोपाठ गल्लीतली वहिनी आली. ती माणदेशातली, तिचा नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. सासरी अजून मेंढरं आहेत, त्यामुळे गावाहून येताना ती लेंडीखताचं पोतं घेऊन येते, तेही एस.टी.तून, कंडक्टरशी भांडून. आता गवार आहे, भेंडी आहे, दोडका भिंतीवर चढून पलीकडच्यांच्या पेरूला भिडला आहे. नियम मी घालून दिला, ग्रंथालयातली सवय. ज्याला जे लागेल ते त्याने खुशाल तोडावं, पण तोडलेलं आधी ओट्यावरच्या टोपलीत ठेवून सगळ्यांना दाखवावं आणि मग घरी न्यावं. नियम सगळ्यांना होता, माझ्याशिवाय. घरच माझं, मी कोणाला दाखवू?

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. खरं तर ती तुझ्याआधी दुसऱ्या एका बाईला सांगायला हवी होती. तू तर गेलीस, पण ती बाई अजून आहे, सांगलीला लेकाकडे, नव्वदीला टेकलेली. तीही गेली तर ही गोष्ट माझ्यापाशीच राहील, अशी धास्ती मला गेली काही वर्षं होती. तरी मी जात नव्हते. कराडहून सांगली काही काशी नाही, दर तासाला गाडी आहे.

माधवनगरची ती खोल्यांची ओळ तुला डोळ्यांपुढे आणून द्यायला नको. अप्पा मिलमध्ये, शेजारच्या काकूंचे यजमानही मिलमध्ये, आणि दोन्ही खोल्यांच्या मागे मिळून एकच परडं. काकू जैन, जमिनीखालचं काही खात नसत. म्हणून तुमची वाटणी सोपी होती. मुळा, कांदा, लसूण एका कडेला, तो आपला. वेलावरचं आणि झाडावरचं दोघींचं. काकूंना दिवस मावळायच्या आत जेवायचं असे, म्हणून संध्याकाळची भाजी आधी त्यांनी तोडायची, मग तू. ते कोणी ठरवलं होतं, मला माहीत नाही. मिलचा भोंगा झाला की काकू परकरात ओचा खोचून वेलात शिरायच्या आणि तू न्हाणीच्या दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत बसायचीस. तुम्ही काय बोलत होता ते मी कधी ऐकलं नाही, पण हसू ऐकू यायचं. तुझं तसं हसू मी नंतर फार ऐकलं नाही.

काकडीच्या वेलाचा मान वेगळा होता. वेलावरचं पहिलं नीट फळ दिसलं की तू त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायचीस. ते बियाचं. ते पिवळं पडून, वाळायला येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. घरात पाहुणा येवो, कोणाला डोहाळे लागोत, चिंधीची काकडी म्हणजे देवाचं ठेवणं. तू म्हणायचीस, "ह्या बियाची काकडी कडू निघत न्हाई. माज्या आईनं दिलंय."

मी दहा वर्षांची. मे महिन्यातली दुपार, तू आत झोपलेली, काकू दारात धान्य पाखडत बसलेल्या. मला कशाची भूक नव्हती, तहान नव्हती, उगाच. वेलात हात घातला आणि जी हाताला लागली ती तोडली. तोडल्यावर चिंधी दिसली. तेव्हाच तुला उठवून सांगितलं असतं तर एक धपाटा बसून विषय संपला असता. मी न्हाणीमागे बसून अख्खी काकडी खाल्ली, देठ मातीत पुरला, आणि चिंधी भिरकावून दिली. ती जाऊन पडली काकूंच्या धुण्याच्या दगडापाशी. मी मुद्दाम तिकडे टाकली नव्हती, आई. पण पडलेली मला दिसली होती, आणि मी ती उचलायला गेले नाही.

संध्याकाळी तुला ती चिंधी सापडली. तू आरडाओरडा केला नाहीस. चिंधी हातात धरून काकूंना एवढंच म्हणालीस, "मागितली असतीस तर मी न्हाई म्हटलं असतं व्हय?" काकू म्हणाल्या, "वैनी, मी न्हाई तोडली." तू आत आलीस. मी चुलीपाशी बसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "माणसाला हावरेपणा नसावा." मी मान डोलावली! पुढच्या आठवड्यात अप्पांकडून तू तुराट्यांचं कूड घालून घेतलंस, परड्याच्या बरोबर मधून. वेल कुडाच्या आपल्या बाजूला राहिले. दोन वर्षांनी मिल बंद झाली, आपण कराडला आलो, आणि त्या दोन वर्षांत तू न्हाणीच्या दारात उभी राहिलेली मला आठवत नाही. ते बीही संपलं. त्या वर्षी दुसरं फळ बियाला ठेवावं असं तुझ्या मनातच आलं नाही.

आता यंदाचं सांगते. काकडी वहिनीनं लावली, सासूकडून बी पदराला गाठ मारून आणलं होतं. आठ-दहा बिया, त्यातल्या दोनच उगवल्या आणि वेल एकच धरला. एका सकाळी पाहते तर तिनं पहिल्या काकडीला चिंधी बांधलेली. मी विचारलं, "हे कोणी शिकवलं गं?" ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? आमच्यात समदीच बांधत्यात." मला एकदम आत जाऊन बसावंसं वाटलं. जुन्या परकराची चिंधी होती, लालसुद्धा नव्हती, तरी मी आठवडाभर त्या वेलाकडे बघायचं टाळलं.

आणि एका सकाळी ती काकडी नाहीशी झाली. वहिनी वेलापाशी उकिडवी बसून पानं उलटीपालटी करत होती. सुभेदार कमरेवर हात ठेवून उभे. भिंतीवरून कोणी येणं शक्य नाही, दार मी उघडल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी. आदल्या दिवशी सुभेदारांनी टोपलीत तीन काकड्या दाखवल्या होत्या, ते आठवून वहिनीनं सुभेदारांकडे एकदाच पाहिलं. फौजी माणूस तेवढ्यानंच तापला. "ताई, आपापला इलाका ठरवून टाकू. तार माज्याकडं हाय, दुपारपतूर मारून देतो." वहिनी उठली, म्हणाली, "मारा की. मी काय म्हनले का काई?" आणि खुरपं घेऊन निघाली. मी मोठ्या माणसासारखी दोघांना शांत करत होते. मनात मात्र ठरवत होते की काही झालं तरी सुभेदारांनीच तोडली असणार, तोडताना बघतच नाहीत. तुझं हावरेपणाचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, शब्दाला शब्द.

ते गेल्यावर चहाला दूध काढायला फ्रिज उघडला. भाजीच्या ट्रेमध्ये गवारीखाली काकडी. देठाशी चिंधीची गाठ, तशीच. आदल्या दिवशी दिवेलागणीला मी गवार तोडायला गेले होते, चष्मा आत टेबलावर, हाताला लागलं ते ओच्यात टाकलं आणि टोपलीत न दाखवता थेट आत आणलं. माझी नियमावली! फ्रिजचं दार उघडं ठेवून मी तिथेच हसायला लागले, आणि मग रडले. एका जन्मात एकच चोरी दोनदा करणारी मीच असेन.

या वेळी मी चहा केला नाही. काकडी हातात घेतली आणि चपला घालून वहिनीच्या दारी गेले, तिला घेऊन सुभेदारांच्या. ते खरंच तारेचं भेंडोळं सोडवत बसले होते. मी म्हटलं, "मी तोडली. आणि पहिल्यांदा नाही." आणि जिन्यात उभ्या उभ्या माधवनगरचं सगळं सांगून टाकलं, जे तुझ्या जावयांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सुभेदारांनी तार खाली ठेवली. वहिनी म्हणाली, "आवं ताई, येल हाय की अजून. दुसरी धरंल, मिरगापतूर पिकंल. पन त्या म्हातारीला सांगितलं का न्हाई तुमी?" मी नाही म्हटलं. "मग जावा की उद्या. आमी पानी घालतो."

काकूंच्या लेकाचा हळदीचा व्यापार आहे, घरभर हळदीचा वास. काकू कॉटवर बसून माळ ओढत होत्या. कान शाबूत आहेत. मी ओळख सांगितली, त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. मी काकडीचं सांगितलं. चिंधी कुठे पडली, तेही. वाटलं होतं, त्या हात काढून घेतील. त्या कपाळाला आठ्या घालून आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "काकडीचं काय बाई मला आठवत न्हाई. कूड आठवतंय. पोरी, ते कूड माज्यापायी पडलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला ठाऊक आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. त्यांना ताप आला होता आणि तू भात-भाजी पाठवलीस, आठवतं? हाताच्या सवयीनं फोडणीत लसूण पडला होता. त्यांना ते खाता येईना आणि तुला परत पाठवून दुखवताही येईना. त्यांनी ताट नेऊन केळीच्या बुडात ओतलं, मागे वळल्या तर तू न्हाणीच्या दारात. "तुज्या आईनं बघितलं. एक शब्द बोलली न्हाई. आन् आठ दिसांत कूड आलं. मी म्हटलं, अन्न टाकलं म्हनून राग आला. जाऊन सांगावं म्हटलं, पन आज जाऊ, उद्या जाऊ, तवर तुमचं बिऱ्हाड हाललं." पन्नास वर्षं त्या बाईनं तो ओतलेला भात मनात ठेवला होता. मी चोर, आणि त्या स्वतःला अपराधी समजत बसल्या होत्या. तू तेव्हा खरंच पाहिलं होतंस का, आई? का नुसती त्यांच्याशी बोलायला दारात आली होतीस?

गेल्या रविवारी काकूंची सून त्यांना गाडीतून घेऊन आली. उन्हं अजून वर होती, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं ना. सुभेदारांनी आपल्या कांद्याच्या वाफ्यावर पोती पसरून ठेवली होती. काकू ती पाहून इतक्या हसल्या की ठसका लागला. "आवं, बघायला चालतंय!" त्यांना वेताच्या मोढ्यावर बसवलं, त्यांनी बसल्या जागेवरून ओचाभर गवार तोडली, आणि मी आधी त्यांना तोडू दिली, मग आम्ही. काकडीची कोशिंबीर केली, दाण्याचं कूट आणि मिरची, बाकी काही नाही. त्यांना मागचं दार दाखवलं, तेव्हा म्हणाल्या, "तुजी आई हितंच हुबी ऱ्हायली असती." मी म्हटलं, हो. वहिनीची दुसरी काकडी तोवर चांगली पिवळी झाली होती. तिनं ती चिरून गर काढला, बिया धुऊन राखेत घोळल्या आणि ताटलीत वाळत घातल्या. मोजल्या नाहीत, पण चौघांना पुरून उरतील. पुढच्या माघात काकू लेकाच्या गच्चीवर लावणार आहेत. नव्वदीची बाई पुढच्या माघाचं बोलते, तेव्हा मलाही बोलावंसं वाटतं. तार सुभेदारांनी शेवटी आणलीच, पण तिच्यावर दोडका चढवला आहे.

बिया आज वाळल्या. पुड्या बांधायला घरात जुनं वर्तमानपत्र नाही, मी ते मोबाईलवर वाचते, तर याच कागदांच्या करीन म्हणते. तुझ्यापर्यंत पोचायची या पत्राची तशीही सोय नाही. एक पुडी काकूंना, एक वहिनीला, एक सुभेदारांना, एक माझी. कोणी उलगडून वाचलं तर वाचू दे.

आणि एक राहिलंच. वेलाची पहिली काकडी तू दर वर्षी बियाला ठेवलीस, म्हणून तिची चव तुला कधी कळली नाही. त्या दुपारी न्हाणीमागे मी तिचा शेंडा कापून घासलासुद्धा नाही, तशीच खाल्ली. फार गोड होती, आई.