भिंतीतलं पाणी

१४ मार्च १९८०
तोमिएच्या न्हाणीघराची लाकडी जमीन खचली. आई तिच्याकडेच असते — कमरेपर्यंत खाली गेली! खुब्याचं हाड मोडलं. धाकट्या बहिणीचं घर, मीच बांधलेलं. तिसराच हिवाळा.

१५ मार्च
जमीन उकरली. खालचे वासे हातात भुसा होऊन आले. वर पिवळट बुरशी. मग भिंतीच्या आतल्या फळ्या काढल्या. ऊब राहावी म्हणून भरलेला काचेचा कापूस, ग्लासवूल, पिळलं तर पाणी गळलं. दिवसभर स्टोव्हवर किटली, हिवाळाभर कपडे घरातच वाळत. ती सगळी वाफ भिंतीत शिरली आणि बाहेरच्या गार फळीला लागून पाणी होऊन खाली वाशांत मुरली. ग्लासवूलच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद हवा होता. तो नव्हता.

तोमिएचा नवरा शोहेई कुजके वासे उचलून अंगणात रचत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा कोणाला माहीत होतं? रॉकेल महागलं आणि अख्खं आसाहिकावा शहर भिंतीत ग्लासवूल कोंबायला लागलं. चार सुतारांनी केलं तेच मी केलं.

१८ मार्च
डॉक्टर म्हणाले, आई पुन्हा चालेल असं धरून चालू नका. आई मला विचारते, सादायोशी, जेवलास का?

१९ मार्च
पुन्हा बर्फ. कुठे गेलो नाही.

२१ मार्च
अशीच बांधलेली आणखी सहा घरं आहेत. त्या घरी जाऊन सांगून टाकतो, असं नोबुला म्हणालो. बायको ती, घाबरली. "अहो, गप्प बसा. सगळ्याच सुतारांची घरं कुजताहेत. तुम्हीच कशाला ओढवून घेता?" तिचं तरी काय चुकलं? एकदा तोंड उघडलं की मला इथे कोणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधायला देणार नाही.

पण त्या घरांतही म्हातारी माणसं आहेत.

२३ मार्च
गेलो. पहिलं घर ओगासावारा आजींचं. एकट्याच असतात. चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे केलं. मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मेल्या, घर ऊबदार बांधलंस म्हणून तुला दरवर्षी बटाटे धाडत होते मी." मग उठल्या आणि माझ्यासमोर एकेक पाऊल चाचपत खोलीभर चालल्या. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी फळी दबली. मला मान वर करवेना.

पाच घरं उरली.

२४ मार्च
तोमिए आली. रडली नाही, बसलीही नाही. म्हणाली, "दादा, तुझं घरही त्याच वर्षीचं ना? मग तुझी जमीन कशी टणक?"

मी म्हणालो, नशीब.

२५ मार्च
नशीब नाही. त्या उन्हाळ्यात एका जाणत्या माणसाने कागद लावायला शिकवलं होतं. माझ्या घराला लावला — एकेक सांधा चिकटवून, सहा दिवस खपून. तोमिएच्या घराच्या वेळी बर्फ तोंडावर आला होता. तुझ्या घरासारखा कागद लावायचा का, तिने विचारलंही होतं. मी म्हणालो, भिंतीला श्वास घेऊ दे.