टाकी भरलेली, हवा काढायची बाकी

मी, जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेल-दुरुस्तीच्या वर्कशॉपची मालकीण, जिला सगळी गिऱ्हाइके पंपवाली काकू म्हणतात ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणतात की कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्यासाठी आधी काहीतरी मागावे लागते, आणि माझ्या मुलाने माझ्याकडे काही मागणे कधीच सोडून दिले. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे अर्धे-अर्धे वाटले होते. ते रद्द समजावे.

माझ्या मागे घरात दोन माणसे उरतील. एक मुलगा, ज्याला त्याचे वडील तुफान म्हणत. आता तो दुधाची गाडी चालवतो. दुसरी त्याची बायको, माझी सून.

१. राहते घर मुलाला द्यावे. तीन खोल्या, मागचे अंगण आणि अंगणातल्या नळासकट. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत वर्कशॉपचे दार आहे. मुलगा त्या दाराकडे पाठ करून जेवायला बसतो. अंगणात जायचे असले तर गल्लीतून वळसा घालून जातो, वर्कशॉपमधून जात नाही. मागे एकदा जेवताना म्हणाला, "डिझेलचा वास घरभर येतो. विटा लावून बुजवून टाकू का ते दार?"

मी म्हटले, "मी गेल्यावर बुजव."

"तू असतानाच विचारतोय. मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत."

सून पोळी उलटत म्हणाली, "बुजवा की. मी कामाला खिडकीतून उडी मारून जाईन. फक्त खाली गादी टाका." तेव्हा तिघेही हसलो. त्या दारावरून आम्ही तिघे मिळून हसलो ते तेवढेच.

दार बुजवू नये अशी अट घालता येते. वकीलबाईंनी शब्दही काढून दिले होते. मी अट घालत नाही. भिंत त्याची आहे. विनंती करते.

२. वर्कशॉप, सगळ्या हत्यारांसकट आणि गिऱ्हाइकांसकट, सुनेला द्यावे. पोटच्या मुलाला डावलून सुनेच्या नावावर करते आहे, हे लिहिताना हात जड होतो. लोक म्हणतील, म्हातारीला सुनेने गुंडाळली. तसे नाही. गुंडाळायला ती वर्कशॉपमध्ये माझ्या जोडीला आली तीच मुळी माझा नवरा गेल्यानंतर, आणि ज्यामुळे हे सगळे झाले ते त्याच्या आधीच होऊन गेले होते.

आमचे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. डिझेलच्या कामात बरेचसे काम धुण्यापुसण्याचे असते. टाकीच्या तळाचे पाणी सोडायचे, डिझेल गाळणाऱ्या काचेच्या वाटीतला गाळ काढायचा, फिल्टर बदलायचे. पण फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते. ती राहून गेली तर ट्रॅक्टर ऐटीत सुरू होतो आणि नांगर जमिनीत असताना बंद पडतो. ही हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने हातपंप मारायचा, दुसऱ्याने फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल करून बघत राहायचे. आधी फेस येतो, मग साफ डिझेल येते. उतावळा माणूस तिथेच फसतो, कारण फिल्टर दोन असतात आणि दुसऱ्यातली हवा अजून मागून यायची असते. ती येऊन गेली की स्क्रूवाल्याने "बस" म्हणायचे आणि आवळायचे. "बस" म्हणण्याचा हक्क स्क्रूवाल्याचा, पंपवाल्याने तोंड उघडायचे नाही, हा आमच्या वर्कशॉपचा नियम होता. नवरा स्क्रूवर, मी पंपावर. माझे नाव त्यातूनच पडले.

मुलगा मोठा झाल्यावर स्क्रू त्याच्या हाती गेला. तो घाई करायचा हे खरे. त्याच्या हातचे ट्रॅक्टर शेतात बंद पडले हेही खरे. मी त्याला रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. मी वेगळेच करू लागले. तो हात धुवायला गेला की मी तो स्क्रू पुन्हा उघडायची, एका हाताने पंप मारायची, बघायची आणि पुन्हा आवळायची. फडक्याने सांडलेले डिझेल पुसून टाकायची. रोज.

नवऱ्याला माहीत होते. तो म्हणायचा, "अगं, पडू दे की बंद. तोच जाईल, तोच शिव्या खाईल आणि तोच शिकेल. मीही तसाच शिकलो."

"आणि गिऱ्हाईक तुटलं तर?"

"गिऱ्हाईक परत येतं."

मुलाचे तसे नसते, हे मला फार उशिरा कळले.

एका दुपारी मुलाने एका जुन्या लाल ट्रॅक्टरचे काम केले आणि जेवायला गेला. मी स्क्रू उघडला. पंप मारला. डिझेल आले ते साफच आले. मी वाट पाहिली. मागूनही काही आले नाही. एक बुडबुडा नव्हता. काम त्याच्या बापाने केले असते इतके चोख होते. मला तिथेच थांबता आले असते. पण मी पंप मारतच राहिले, जणू चूक सापडल्याशिवाय उठायचे नाही असा पण केला होता. मान वर केली तर तो दारात उभा. हातात पाण्याचा तांब्या होता, माझ्यासाठी आणला होता.

तो म्हणाला, "सापडली का हवा, आई?"

मी म्हटले, "अजून बघतेय."

त्याने तांब्या पायरीवर ठेवला. खिशातला पाना काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. त्यानंतर त्याने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेले नाही. दोन शब्द होते, "नाही सापडली". तेव्हा निघाले नाहीत. नंतर दर दिवशी ते थोडे आणखी जड होत गेले. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा मला रोज विचारायचा, "सांगितलंस का त्याला?" मी म्हणायची, "सांगते." एके दिवशी त्याने विचारले नाही. मी वळून पाहिले तर तो गेलेला होता.

नवरा गेल्यावर सून आपणहून आली. म्हणाली, "आई, तुम्ही पंप मारा, मी स्क्रू धरते." पहिल्याच ट्रॅक्टरला तिने "बस" म्हटले, पण स्क्रू न आवळता पाना माझ्यापुढे धरला.

मी म्हटले, "आवळ की."

"कशाला? तुम्ही उघडणारच आहात ना मागाहून? दोनदा आवळून आटे कशाला झिजवायचे?"

तिला कोणी सांगितले हे मी विचारले नाही. एका घरात राहून नवरा-बायको काय बोलतात ते सासूने विचारू नये. मी म्हटले, "नाही उघडणार. आवळ." आणि तेव्हापासून उघडला नाही. तिच्याही हातचे ट्रॅक्टर सुरुवातीला बंद पडले. ती गेली, शिव्या खाल्ल्या, शिकली. गिऱ्हाईक परत आले. जे पोटच्या मुलाला दिले नाही ते परक्या घरून आलेल्या मुलीला दिले, आणि ती शिकली म्हणून वर्कशॉपही तिलाच देते आहे. म्हणजे मुलाला मी दोनदा डावलले. मला याहून न्यायाची वाटणी सुचली नाही. कोणाला सुचली तर आता उपयोग नाही.

३. पितळी जाळीचे नरसाळे नणंदेकडे आहे. एका दिवसासाठी नेले होते. ते परत मागू नये. तिच्याकडेच राहू द्यावे, म्हणजे ते दिसले की तिला माझी आठवण येईल आणि मन थोडे खाईल.

स्पेअरपार्टच्या दुकानदाराला माझ्याकडून काही नाही. त्याने मला ज्यांचा कागद डिझेलमध्ये विरघळतो असे फिल्टर विकले आणि वर "काकू, तुम्हीच नीट बसवले नसतील" म्हणाला. तो दुखवट्याला आला तर त्याला चहा द्यावा. गाळून द्यावा.

४. बँकेतल्या ठेवी मुलगा आणि सून दोघांच्या नावे आहेत, तशाच राहाव्यात. पुस्तके वाचनालयाला द्यावीत. मी शाळेत फार गेले नाही. अक्षरे फिल्टरच्या खोक्यांवरून लावायला शिकले, मग ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकावरून, आणि मग ग्रंथपालबाईंनी हात धरून कादंबऱ्यांपर्यंत नेले. वाचनालयाचे एक पुस्तक माझ्या उशाशी असेल. त्यात जिथे बसचे तिकीट घातलेले दिसेल तिथपर्यंत मी पोचले, असे समजून परत करावे.

५. खिळ्याला अडकवलेला दहा नंबरचा पाना मुलाला द्यावा. तो खिळ्यावरून कोणी काढलेला नाही. सुनेने नवा घेतला. फडके मी मारत आले, म्हणून गंज नाही.

६. मागच्या अंगणातला जुना ट्रॅक्टर, नवऱ्याचा, मुलाला द्यावा. नवरा गेल्यापासून तो नुसता उभा होता. गेल्या महिन्यात मी आणि सुनेने त्याचे सगळे काम केले. टाकी उतरवून धुतली, तळाचा गंज काढला, काचेची वाटी नवी बसवली, दोन्ही फिल्टर बदलले, तांब्याच्या चकत्या नव्या घातल्या. टाकी काठोकाठ भरून ठेवली आहे, रिकामी ठेवली तर आत पाणी धरते. फक्त हवा काढलेली नाही. सून काढायला निघाली होती. मी तिला थांबवले.

हे काम मुलाने करावे. पंपावर सुनेने बसावे, आणि नियमाप्रमाणे तोंड उघडू नये. तिला ते जड जाईल, पण माझ्यासाठी एकदा करावे. मुलाने जेव्हा "बस" म्हटले तेव्हा बस. त्यानंतर तो स्क्रू कोणीही उघडून बघू नये. ट्रॅक्टर चालला तर चालला. शेतात बंद पडला तर पडू द्यावा. तो जाईल आणि बघेल.

आणि हे मृत्युपत्र वाचताना तो तिथे बसलेला असेल, तर वकीलबाईंनी पुढची ओळ मोठ्याने वाचावी. मी हयातीत सांगण्याचा प्रयत्न करीन, पण माझा भरवसा नाही. त्या दिवशी लाल ट्रॅक्टरमध्ये हवा नव्हती, तुफान. सापडली नाही. काम चोख होतं.

वरील मजकूर मी शुद्धीत लिहिला आणि वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. सही करण्याआधी त्यांनी विचारले, "पुन्हा एकदा तपासून घ्यायचं का, काकू?" मी नको म्हटले.

लिहून देणार : पंपवाली काकू (सही)

साक्षीदार :
१. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही). काकूंची प्रकृती मी आज तपासली. डोके ठिकाणावर आहे, गुडघ्यांबाबतही त्यांचे म्हणणे बरोबर आहे.
२. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई (सही)

ठिकाण : वर्कशॉप, मधले दार उघडे ठेवून
दिनांक : पाच मार्च