वेणीची ओढ

आई,

ताप उतरून अडीच महिने झाले आणि माझे केस मूठमूठ गळायला लागले. कारण तो तापच, हे काल बनशंकरीतल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी नक्की केलं. रक्ताच्या तपासणीत थायरॉइड ठीक निघालं, लोह कमी निघालं. मोठा ताप, बाळंतपण, एखादा धक्का, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे झडतात, पण मूळ जिवंत असतं, ते परत येतात, असं त्या म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तेल खसाखसा चोळू नका म्हणून बजावलं. मला तू आठवलीस. याच चोळण्यावरून तू माझ्यादेखत बोलणी खाल्ली होतीस.

नव्वदीच्या दशकातलं आपलं चामराजपेटचं घर. पुढच्या खोलीत तू नाचाचे पोशाख शिवायचीस, मागच्या स्वयंपाकघरात माझी वेणी घालायचीस. मी सोळा वर्षांची, रंगप्रवेशाला, म्हणजे रंगमंचावरच्या माझ्या पहिल्या एकटीच्या नाचाला, तीन महिने उरलेले, रेशीम तू आधीच बेतून ठेवलेलं. मी पाटावर बसले आहे, फिल्टरमधून कॉफी ठिबकते आहे आणि तू माझ्या केसांत लोकरीचं लांबलचक गंगावन काळ्या दोऱ्यानं आवळून बांधते आहेस. क्लासला रोज तसंच जायचं, म्हणजे वजनाची सवय होते, हा तुझा नियम. “आई, डोळे वर ओढले जातायत.” “जाऊ देत, चेहरा उजळ दिसतो. स्वल्प सोस, पुट्टी.” कानांपुढचे केस विरळ झालेले आधी तुलाच दिसले. ते झाकायला तू मागचे केस पुढे ओढून घेतलेस, म्हणजे वेणी आणखी घट्ट. शेजारच्या अक्का म्हणाल्या, चाई लागली. मग कांद्याचा रस आला, एरंडेल आलं, आणि तू त्या जागा लाल होईपर्यंत चोळायला लागलीस. जागा वाढत गेल्या. तू जितकं झाकत होतीस, तितकं उघडं पडत होतं.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. म्हातारे डॉक्टर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. कानडीतून म्हणाले, “चाई गोल पडते, गुळगुळीत. हे तसं नाही. जिथं ओढ बसते नेमके तिथले केस गेलेत. वेणी कोण घालतं?” मी ‘मीच’ म्हणणार होते. त्याआधी तू म्हणालीस, “मी घालते, सार. वरून खोटी वेणीही मीच बांधते. तेलही मीच चोळते.” मग ते तुझ्यावर बरसले. सहा महिने केस सैल, गंगावन बंद, चोळणं बंद. “लावायला औषध देतो, पण ओढ थांबली नाही तर त्याचा उपयोग नाही. फार दिवस ओढलं की मूळच मरतं, मग मीही काही करू शकत नाही.” बाहेर येऊन तू पदर सारखा केलास आणि एवढंच म्हणालीस, “बरोबर बोलले ते.” मोठं माणूस मुलासमोर आपली चूक अशी सरळ पत्करतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पण रंगप्रवेशाचं काय? नाचाच्या टीचर ऐकेनात. “लांब वेणीशिवाय उभी करू हिला? लोक हसतील. पुढच्या वर्षी बघू.” पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. तू म्हणालीस, “वेणी असेल, टीचर. केसांना नसेल.” आठवडाभर तू मशीनवर बसलीस. ब्लाउजच्या पाठीला आतून जाड पट्टी लावलीस, तिला लूप शिवलेस, वेणी त्यांत अडकवून खाली कमरपट्ट्यात खोवलीस. डोक्यावर फक्त सैल अंबाडा आणि फुलांची हलकी पट्टी. टीचरनी वेणी ओढून पाहिली. माझी मान हललीच नाही. “अरे, वजन कुठं गेलं?” “पाठीवर, टीचर. पाठ दणकट आहे तिची, घरकाम कुठं करते?” टीचर हसल्या आणि आणखी चार मुलींचे ब्लाउज तुझ्याकडे देऊन गेल्या. मी ठरल्या दिवशी नाचले. माझ्या आयुष्यातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी त्या ब्लाउजच्या पट्टीवर उभ्या आहेत, आणि हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही.

केस परत आले. उजव्या कानापुढची जागा तेवढी रिकामी राहिली. अगदी शेवटच्या आजारपणातही तू तिथं अंगठा फिरवायचीस. “हे माझ्या हातानं गेलं.” मी म्हणायचे, “असू दे गं.” खरं असं आहे, आई, की केस सैल ठेवले त्या सहा महिन्यांत तिथंही बारीक केस यायला लागले होते. पुढची दोन वर्षं कॉलेजच्या चमूबरोबर मी बाहेरगावी नाचायला जायचे, तेव्हा तुझे लूप सोडून गंगावन केसांना बांधायचे, घट्ट. गिरकी घेताना ते जास्त शोभतं असं मला वाटायचं. डॉक्टर काय म्हणाले होते ते पाठ होतं मला. तू सोडलंस, मी सोडलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तरी लिहिते आहे, कारण कालही तेच झालं. डॉक्टरबाईंनी ती जागा बघून विचारलं, ही कधीपासून? मी म्हणाले, “लहानपणी आई घट्ट वेणी घालायची.” त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तोवर भांगाजवळ नवे केस दिसायला लागतील, कानापुढे मात्र आता काही येणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी आधी ती ओळ खोडून घेणार आहे.