चुकीच्या घरात जेवणारा नवरा

अहो,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नका.

मी इथे जुन्या सिनेमांच्या रिळांवरची धूळ पुसते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन आठवडे एकच छोटा विनोदी सिनेमा हातात आहे. त्यातला नवरा चुकून शेजारच्या घरात शिरतो आणि पेपर उघडून बसतो. शेजारीणही न बघता वाढते. हा मान वर न करता जेवतो! मग खरी बायको तवा घेऊन येते आणि नुसती पळापळ. आमचे साहेब पोट धरून हसतात. मला हसू येत नाही, रडूही नाही. मी पुसत राहते.

मामंजींचा गुडघा कसा आहे? धाकटीचा दात पडला का?

शेजारच्या वहिनी रोज डबा देतात, असं लिहिलंत. भल्या आहेत. मीठ बेताचं घाला म्हणावं, तुम्हाला बीपी आहे.

सिनेमातल्या बायकोचं बरं होतं, दोन पावलांत पोचली.

तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कधी येतेस?’ असायचं. या वेळी मी पान उलटूनही पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

तुमचीच,
धाकटीची आई