वाचून दाखवली, समजली

साहेब, तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली, तरी तुमची किळस काही जात नाही. बार रूममध्ये तुमचा फोटो लावलाय, हार घातलेला. त्याच्याखालीच माझी खुर्ची आहे. रोज चहा पिताना वर बघते आणि चहा कडू लागतो.

मी तुमची ज्युनिअर म्हणून गडचिरोलीला आले, तेव्हा त्या कोर्टात बाई वकील म्हणजे थांबून बघायची गोष्ट होती. माझ्या गाऊनचं कापड तुम्हीच नागपूरहून आणलंत. आणि दुसऱ्याच आठवड्यात एका अर्जावर चुकीची तारीख पडली म्हणून भर व्हरांड्यात मला झापलंत. "पोरी, कोर्टापुढे लिहून दिलेला एक शब्द खोटा निघाला ना, तं वकिली सोड अन् बाजारात मिरच्या विकाले बस." मी घरी जाऊन रडले, पण मनात म्हटलं, माणूस मिळाला तर असा. कसली भोळी होते मी.

मग कुरखेड्याकडची ती बाई आठवा. आठवत नसेल तर आठवाच. नवरा मेला आणि दिराने दावा लावला की हिचं लग्नच झालं नव्हतं, बांधी आणि घर दोन्ही माझं. धानाची दोन बांध्यांची जमीन आणि मातीचं घर, एवढंच तिचं जग. गावातले म्हातारे साक्ष द्यायला तयार होते. केस हरण्यासारखी नव्हतीच. फक्त तुमची अर्धी फी राहिली होती. ती येताना दर वेळी काहीतरी आणायची. उन्हाळ्यात चारोळी आणायची, दगडावर एकेक बी फोडून, निवडून, फडक्यात बांधलेली. तुमच्या घरी त्या चारोळीची बर्फी व्हायची. मीही खाल्ली आहे. फीच्या खात्यात मात्र ती चारोळी तुम्ही कधी धरली नाहीत. ती भेट म्हणे.

"हिच्याकडून काही निघत नाई, आपण वकीलपत्र मागं घेऊ," असं तुम्ही एका सकाळी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालात. अर्ज मला लिहायला लावलात. फीचं नाव नाही. 'पक्षकार संपर्कात नाही, सूचना देत नाही.' मी विचारलं, "साहेब, ती तर मागच्या बाजारीच येऊन गेली." तुम्ही म्हणालात, "सगळे असंच लिहितात." व्हरांड्यातली मिरची कुठे गेली, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. तिला रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. पण त्या गावचं टपाल आठवडी बाजारात वाटलं जायचं, पोचपावती परत यायचं नाव नाही. न्यायाधीश म्हणाले, पक्षकाराला कळल्याचा पुरावा आणा, मग मोकळं करतो.

आणि ती स्वतःच आली. दुपारची वेळ, ऊन रखरखतंय, मी टेबलाशी बसले आहे. तिच्या हातात आपल्याच ऑफिसचं ते पाकीट. वाचता येत नव्हतं, आणि तिच्या ओळखीचं वाचणारं माणूस म्हणजे मी.

"बाई, हा कायचा कागद आहे? मले वाचून सांग ना. पोस्टमननं बाजारात देल्ला."

मी तो कागद उलगडला. त्यात लिहिलं होतं, तुमची केस आम्ही सोडत आहोत, दुसरा वकील पाहा. मी म्हणाले, "तारखेचा कागद आहे. कोर्टाला सुट्ट्या लागतील, पुढची तारीख आम्ही कळवू." मग नोटिशीच्या प्रतीवर तिचा अंगठा घेतला, खाली लिहिलं, 'वाचून दाखवली, समजली', आणि सही केली. तिने अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसली, चारोळीचं फडकं टेबलावर ठेवलं आणि एसटी गाठायला निघून गेली.

त्या अंगठ्यावर आपण मोकळे झालो. सुट्ट्यांनंतरच्या तारखांना ती आली नाही, येणार कशी? निकाल एकतर्फी लागला. पुढच्या वर्षी धानाच्या ऐन रोवणीत बेलिफ तिच्या बांधीचा ताबा घ्यायला गेला. ती चिखलाच्या पायांनी तशीच ऑफिसात आली आणि तुमच्या आतल्या खोलीकडे न बघता मला म्हणाली, "बाई, तू तं कळवतो म्हणली होती." तुम्ही आतून म्हणालात, "आपण आता तिचे वकील नाई, बाहेर बसव." मी तिला बाहेर नेलं. ती बसली नाही, गेली.

ही गोष्ट मी नव्या पोरापोरींना सांगते. सांगताना म्हणते, साहेब आतून ओरडले, तारीख आहे म्हणून सांग आणि अंगठा घे. पोरं फोटोकडे बघून तोंड वाकडं करतात आणि मला बरं वाटतं.

पण साहेब, त्या दुपारी तुम्ही आत नव्हता. चंद्रपूरला होता, एका साक्षीला. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी खरं वाचून दाखवलं असतं आणि ती अंगठा न देता परत गेली असती, तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. संध्याकाळी तुम्ही आलात, अंगठा पाहिलात आणि 'हुशार आहेस' म्हणालात.

ते ऐकून मला आनंद झाला होता.