कौल साखळीला पडला

वरची वाडी, वेल्हे
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर तुझ्या आप्पांनी माझा जीव नकोसा केलाय. आणि त्याचं मूळ तू आहेस.

तिकडं परदेशात बर्फात गाडी चालवायची तर बर्फाचे टायर घेऊ का चाकांना साखळ्या, हा प्रश्न तू तिथल्या गॅरेजवाल्याला विचारायचास. महिन्यातून एकदोनदाच डोंगरापलीकडच्या दवाखान्यात ड्युटीला जायचं, एरवी बस आहे, एवढी साधी गोष्ट. जन्मभर नसरापूर-वेल्हे वडापची जीप हाकलेल्या माणसाला कशाला विचारलंस? त्यात वाडीत रेंज येते ती फक्त देवळाच्या पायरीवर, आणि आप्पांचा फोन कायम स्पीकरवर. सगळी वाडी ऐकत होती. शेवटी तू हळूच विचारलंस, "एकट्या माणसाला बांधता येते का हो साखळी?" तेही सगळ्यांनी ऐकलं. म्हणूनच हे पत्र. फोनवर काही बोलायची सोय राहिलेली नाही.

तेव्हापासून इथं भाताची झोडणी बाजूला पडलीय आणि वाडीत दोन पार्ट्या झाल्यात. आप्पा साखळीवाले. "पावसाळ्यात ह्यो चढ साखळीवर काढलाय म्या. चिखल लागला बांधली, डांबर आलं सोडली. कवातरी जायाचं, त्याला टायर कशाला?" तुझा गेनबाकाका हायवेवर वरव्याला पंक्चर काढतो, तो अर्थातच टायरवाला. तो म्हणतो, "दादा, टायर एकदा बसवला की हिवाळा सरंस्तवर बघाया नको. तुमची साखळी तुटली तर गाडीचा पत्रा फाडंल." एवढ्यावरून दोघं सख्खे भाऊ बोलेनासे झाले. दोघांनीही बर्फ पाहिलाय तो सरबताच्या गाडीवर!

मग आप्पांनी भैरवनाथाला कौल लावायचं काढलं. चिमाजी गुरवाला बोलावून देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या लावायला सांगितल्या. उजवी पडली तर साखळी, डावी पडली तर टायर. चिमाजी म्हणाला, "धनाजी, देवाला लगीन इचारत्यात, हिरीचं पानी इचारत्यात. ह्यो कसला सवाल?"

"माझ्या लेकीचा हाय. तू लाव."

उजवी कळी पटकन पडली. आप्पा असे घरी आले जणू निवडणूक जिंकली. वरव्याला निरोप धाडला, "देवसुद्धा साखळीवाला हाय."

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! देवानं सांगितलं तरी आपण करून बघायला पाहिजे म्हणाले. साखळी कुठली? म्हशीची. म्हैस सोडली, ती चिमाजीच्या वालात शिरली. आणि दिवाळी झाल्यावर चिखल कुठून येणार? विहिरीची मोटर लावून चढावर पाणी सोडलं. बयाबाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन येत होती, ती भाऱ्यासकट खाली आली. तिनं आप्पांच्या सात पिढ्या काढल्या आणि ऐकून मी घेतल्या. मी म्हटलं, "अहो, बर्फ म्हंजी काय चिखल हाय का?" तर म्हणाले, "घसरनं ते घसरनंच."

बाकी बातम्या म्हणजे, तुळशीच्या लग्नानंतर मी आंबवड्याला एका लग्नाला गेले होते. तिथं तुझ्या सारोळ्याच्या सासूबाई भेटल्या. हळदीकुंकू लावलं, साडी छान आहे म्हणाल्या, पाऊसपाण्याचं विचारलं. तुझं नाव काही त्यांनी काढलं नाही. मग मीही त्यांच्या मुलाचं, कुमाररावांचं, काढलं नाही. जेवण बरं होतं.

आता कालचं ऐक. दुपारी आप्पांनी जीप त्या चिखलात नेऊन उभी केली आणि मला हाक मारली. मला वाटलं चहा पाहिजे. गेले तर पुढं बादली, बादलीत बर्फ. सकाळी डेअरीच्या गाडीबरोबर मागवला होता म्हणे. मला म्हणाले, "हात बुडव. बोटं बधिर हुस्तवर काढू नकोस." मग म्हशीची साखळी माझ्या हातात दिली. "बांध चाकाला."

माणसाचं डोकं फिरलं असं माझं ठाम मत झालं. गेनबाचा सोमनाथ आणि शेजारचे दोघं लगेच पुढं आले, "काकी, सरा, आमी बांधतो." तर आप्पा त्यांच्यावर असे ओरडले की पोरं चार पावलं मागं सरली. "कुनी हात लावायचा न्हाई! तिची ती बांधंल."

मी बांधली. लुगडं खोचून चिखलात आडवी झाले, हात चाकाच्या मागं घातला. कडी बोटांना कळत नव्हती. दोनदा निसटली, एकदा अंगठा चेमटला. वर सगळी वाडी बघायला उभी. या वयात हे धिंडवडे! मी तिथूनच ओरडले, "अहो, तिकडं जावई हायेत की बांधाया! मला का लोळवताय?"

आप्पांनी मान वळवली. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिले. मग एवढंच म्हणाले, "तू बांध. बगू दे मला."

तेव्हा मला कळलं, प्रेरणा. माझ्यापासून तू लपवलंस, आप्पांपासून मी लपवलं, आणि त्यांना आधीच सगळं ठाऊक होतं. दिवाळीपासून प्रत्येक फोनला कुमारराव कामावर गेलेले असतात. दिवाळीच्या पाडव्यालाही कामावर! मला काय कळत नव्हतं? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि ते ऐकायची मला भीती वाटत होती. तुझे आप्पा मात्र न विचारता तुझ्या एकटीच्या रस्त्याचं बघत बसले होते, आणि मी त्यांना येडं म्हणत होते.

साखळी शेवटी बसली. जीप चढ चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा मात्र खाली उतरले ते थेट देवळात गेले. मी चिखलाची तशीच मागं गेले. नारळ ठेवून देवाशी बोलत होते. "नाथा, तुझा कौल मोडतोय, राग धरू नको. साखळी चांगली हाय, पर तुला गाडीखाली आडवं व्हावं लागत न्हाई. आमच्या लेकीला लागंल. आन तितं तिच्यासंगं कुनी न्हाई."

मग पायरीवर बसून त्यांनी गेनबाला फोन लावला. "तुझं खरं हाय. टायर." एवढंच बोलले. आप्पांना असं म्हणताना मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा टायर घे. चारही चाकांना, आणि गॅरेजमध्ये बसवून घे. साखळ्या डिकीत असू दे, पण निर्जन घाटात बांधायला उतरू नकोस. बर्फ फार असला तर त्या दिवशी जाऊच नकोस, ड्युटी गेली खड्ड्यात.

राग मला आलाय आणि तो खरा आहे. तू वेगळी झालीस याचा नाही. एवढं मोठं ओझं घेऊन तू आम्हाला टायर विचारत बसलीस, याचा. इकडं यायचं तर ये. तिथं राहायचं तर राहा. पण एकटी असशील तर एकटी आहे म्हण, बाई. वाडी ऐकेल तर ऐकू दे. फोन स्पीकरवरच असू दे.

अंगठा अजून ठणकतोय, म्हणून अक्षर असं आलंय.

वर सवयीनं तुझ्या नावाआधी सौ. लिहून बसले. पुढच्या वेळी लिहायचं का नाही, ते तू सांगशील तसं. चि. मात्र मी आहे तोवर लिहिणार.

तुझी,
आई